सेवाही शिकावी लागते



सज्जनहो, पंढरीचा परमात्मा विटेवर उभा राहिला तो पुंडलिकासाठी, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. देव दारात आला, आणि पुंडलिकाने मागे वळूनही न पाहता वीट फेकून त्याला थोडा थांब म्हटले. पण त्या वेळी पुंडलिक करत काय होता? समाधी लावून बसला नव्हता. घरात यज्ञ चालू नव्हता. म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपत होता. थकलेल्या देहाची सेवा चालली होती आणि ती अर्ध्यावर टाकायची नाही, एवढाच त्याचा हट्ट. देवाला तो हट्ट मानवला, म्हणून आजवर कर कटेवर ठेवून उभा आहे.

ह्या कथेचा पूर्वार्ध मात्र आपण कीर्तनात घाईने उरकतो. हाच पुंडलिक आधी आईबापांना जुमानत नव्हता. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात तो मुक्कामाला राहिला. पहाटे मळक्या वस्त्रांतल्या काही स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, पाणी भरले, ऋषींची सेवा केली आणि जाताना पाहावे तो त्यांची वस्त्रे शुभ्र! त्या गंगा, यमुना, सरस्वती होत्या. लोकांच्या पापाचा मळ घेऊन यायच्या आणि सेवा करून निर्मळ होऊन जायच्या. ते पाहून पुंडलिकाचे डोळे उघडले. म्हणजे पाहा, सेवा त्यालाही उपजत येत नव्हती. कोणाचे तरी पाहून शिकावी लागली. आणि जिला आपण घाणीचे काम म्हणतो त्या कामाने अंगाला मळ लागत नाही, असलेला जातो. ह्या दोन्ही गोष्टी गाठीला बांधून पुढे ऐकावे.

विषय असा आहे. आपल्या माळकरी घरांतली पुष्कळ मुले कामधंद्यासाठी अमेरिकेत गेली. तिथे सून किंवा लेक, वय तीस-पस्तीस, पदरात एक-दोन लेकरे, एके दिवशी फोनवर म्हणते, मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन नर्स होणार. झाले! इकडे सासूबाईंच्या जिवाची उलघाल सुरू. "एवढी शिकलेली पोर, आणि परक्या माणसांचे मलमूत्र काढणार? आपल्या घराण्याला हे शोभते का, महाराज?" असे विचारणारे वाईट नसतात. विटाळाची भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. पण होकार द्यायचा की नकार, हे ठरवण्याआधी ते शिक्षण आहे तरी काय, हे नीट समजून घ्यायला नको का?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारच्या, म्हणजे लोकांनी भरलेल्या कराच्या पैशावर चालणारे, घराजवळचे, दोन वर्षांच्या पदवीचे कॉलेज. इलिनॉय राज्यात जोलिएट गावी १९०१ साली असे एक निघाले. आज त्या देशात अशी हजाराच्या आसपास आहेत. विद्यार्थी बहुतेक आपापल्या घरून येतात. विद्यापीठाच्या मानाने फी पुष्कळ कमी. वयाची आडकाठी नाही. नुकती शाळा संपवलेली पोर आणि पन्नाशीचा ट्रक चालवणारा एका बाकावर बसतात. कोणी दिवसा दुकानात काम करून संध्याकाळच्या वर्गाला येतो, कोणी मुलांना शाळेत सोडून सकाळच्या. प्रपंच न सोडता विद्या घ्यायची, ही त्या कॉलेजाची रीत. वारकऱ्याला ती समजावून सांगायला नको. घरदार टाकून रानात जा, असे आपल्या संतांनी कधी सांगितले? सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही.

नर्सचे शिक्षण ह्या कॉलेजांत पहिल्यापासून नव्हते. पूर्वी तिकडे बहुतेक नर्सा रुग्णालयांच्या शाळांतून तीन वर्षे घालवून तयार होत. शिकणे थोडे आणि राबणे फार, अशी त्या मुलींची गत असे. रुग्णालयाला फुकटचे हात मिळत. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सांची टंचाई पडली, तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या विदुषीने १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या आपल्या प्रबंधात मांडले की, हे शिक्षण दोन वर्षांत, कॉलेजात आणि शिक्षणासाठीच म्हणून देता येईल. १९५२ पासून सात कॉलेजांत तो प्रयोग करून पाहिला गेला. बाईंच्या मनात ह्या मुलींनी मोठ्या नर्सच्या हाताखाली काम करावे असे होते. पण त्या मुली सर्वांच्या बरोबरीने एकाच परवान्याच्या परीक्षेला बसल्या, पास झाल्या आणि रजिस्टर्ड नर्स झाल्या. तेव्हापासून ती वाट रुळली.

मात्र कॉलेजचे महाद्वार उघडे असले तरी नर्सिंगच्या गाभाऱ्यापर्यंत बारी लागते, बरं का! आधी शरीररचना, शरीराचे व्यवहार, सूक्ष्मजंतूंचे शास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी असे विषय पुरे करावे लागतात, आणि त्यांत नुसते पास होऊन भागत नाही, गुण चांगले लागतात. मग प्रवेशपरीक्षा. काही ठिकाणी गुणांवर निवड होते, काही ठिकाणी यादीत नाव घालून वाट पाहायची. शिकवणारे थोडे आणि रुग्णालयांत विद्यार्थ्यांना जागा थोड्या, त्यामुळे दर वर्षी पात्र असलेले हजारो अर्ज त्या देशात परत जातात. म्हणून कागदावर दोन वर्षांचा दिसणारा हा अभ्यास घरसंसार सांभाळून तीन-चार वर्षांचा होतो. आषाढीच्या बारीत उभ्या राहिलेल्यांना ह्याचे नवल वाटणार नाही.

आत गेल्यावर पहिला धडा कशाचा असेल? औषधांचा नाही, सुईचा नाही. हात धुण्याचा. साबण लावून किमान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठा, मनगट आणि शेवटी नळाला धुतलेला हात न लावता कागदाने तो बंद करायचा. मास्तरीण समोर कागद घेऊन उभी. एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. हसू नका. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने मुडद्यांची चिरफाड करून बाळंतिणीकडे जाणाऱ्या डॉक्टरांना औषधी पाण्याने हात धुवायला लावले, आणि धडाधड मरणाऱ्या बाळंतिणी वाचू लागल्या. मोठमोठ्या विद्वानांनी त्याचे ऐकले नाही. आमचे हात अस्वच्छ असतील, हे त्यांना सोसवेना.

पुढे जखम धुणे, लघवीची नळी घालणे असली कामे येतात. त्यांत निर्जंतुक हातमोजे घालायचे ते अशा बेताने की, मोज्याच्या बाहेरच्या अंगाला उघडे बोट लागता कामा नये. हात कमरेच्या खाली गेला की बाटला. उघडलेल्या कापडाकडे पाठ फिरवली की ते बाटले. बाटले की टाकून द्यायचे आणि नवे घ्यायचे. कोणी पाहिले नाही म्हणून चालवून न्यायचे नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे सोवळे आठवते की नाही? अगदी तसेच! पण सज्जनहो, एक फरक फार मोठा आहे, आणि माझ्या मते सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. आपल्या सोवळ्यात दुसऱ्याचा विटाळ मला होईल, ही भीती. ह्या सोवळ्यात माझा विटाळ त्या दुबळ्या जिवाला होईल, ही भीती! अशुद्ध कोण, तर मी. माझे हात, माझा श्वास, माझी अंगठी. समोरचा उघड्या जखमेचा माणूस, मग तो कोणत्याही जातीचा, रंगाचा, दारू पिऊन पडलेला का असेना, त्याला जपायचे आहे. नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून अस्पृश्य म्हटलेले लेकरू कडेवर घेतले, तेव्हा त्यांचे सोवळे मोडले असे गावाने म्हटले. मला वाटते, खरे सोवळे त्या दिवशी कळले.

बरे, "मलमूत्र काढायचे" म्हणजे काय तेही ऐका. सकाळी सातला रुग्णालयात पाळी सुरू होते. विद्यार्थिनीकडे एक वृद्ध सोपवला आहे, अंग हलवता येत नाही. आधी पडदा ओढायचा. मग त्याला सांगायचे, बाबा, आता मी तुम्हांला कुशीवर वळवते. उत्तर देता येत नसले तरी सांगायचे, कारण ऐकू येत असेल. जेवढे अंग पुसायचे तेवढेच उघडे, बाकीचे झाकलेले. पाणी आपल्या हाताला लावून पाहायचे. आणि पुसता पुसता डोळे उघडे ठेवायचे. माकडहाडावर, टाचेवर लाली आली आहे का? बोटाने दाबले तर ती जाते की तशीच राहते? तशीच राहिली तर आत मांस मरू लागले असेल, दोन-दोन तासांनी कूस बदलली पाहिजे. शौच काळे डांबरासारखे झाले का? मग पोटात कोठे रक्त वाहत असेल, डॉक्टरांना कळवले पाहिजे. लघवी किती झाली, मोजून लिहायची. कमी झाली तर मूत्रपिंडाचे काही बिघडले का, हा प्रश्न. ज्याची आपल्याला किळस, त्यात त्या नर्सला पोथीसारखी अक्षरे दिसतात. हे वाचायला वर्षे लागतात. घाण काढणारी बाई आणि ही, ह्यांत काही अंतर आहे की नाही, तुम्हीच सांगा. (आणि घाण काढणारीलाही कमी लेखायचे कारण नाही; गंगामाई तेच काम करत होती.)

आता कोणी म्हणेल, मनात दया असली म्हणजे झाले, एवढे घोकायचे काय? अहो, दया असावीच, पण नुसत्या दयेने हिशेब येत नाही. समजा, डॉक्टरांनी एका मुलाला २५० मिलिग्रॅम औषध लिहिले, आणि बाटलीवर लिहिले आहे की ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. किती द्यायचे? १० मिलिलिटर. सोपे वाटते. पण रात्री तीन वाजता, दोन मुले रडत असताना, दशांशाचे टिंब एक घर सरकले तर दसपट औषध पोटात जाईल, आणि तुमची दया त्या मुलाला परत आणणार नाही. म्हणून ह्या हिशेबाच्या परीक्षेत पुष्कळ कॉलेजे नव्वद टक्क्यांहून कमी चालवून घेत नाहीत. शिवाय पाच गोष्टी प्रत्येक वेळी पडताळायच्या: माणूस तोच का, औषध तेच का, मात्रा तीच का, द्यायची वाट तीच का, वेळ तीच का. आठ दिवस ज्याची सेवा केली, त्यालाही गोळी देण्यापूर्वी विचारायचे, बाबा, तुमचे नाव काय, जन्मतारीख काय, आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचे. म्हातारा चिडतो, कालच तर सांगितले! तरी विचारायचेच. नामाचा महिमा आपण गातो. तिथे नाव चुकले तर जीव जातो.

मग आळीपाळीने सारे काही पाहावे लागते: शस्त्रक्रियेचे रोगी, बाळंतिणी आणि तान्ही बाळे, आजारी मुले, मनाने खचलेली माणसे. एकाच दिवशी एका खोलीत जन्म आणि शेजारच्या खोलीत मरण. बारा-बारा तासांची पाळी असते, घरी येऊन वह्या लिहायच्या. तीन-चार वेळा ऐकलेली गोष्ट आहे की, हुशार पोरी इथे रडतात. कारण परीक्षेत चारही उत्तरे बरोबर दिसतात आणि प्रश्न असतो की, ह्यांतले आधी काय कराल? उत्तीर्ण व्हायला साधारण पंचाहत्तर-ऐंशी टक्के लागतात. एकाच विषयात दोनदा नापास झाली की पुष्कळ ठिकाणी अभ्यासक्रमातून नावच काढतात.

इतकी कडक शिस्त कशाला, ह्याला एक घडलेली गोष्ट सांगतो. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने फ्लोरिडा राज्यातला एक मोठा काळा बाजार उघड केला. तिथल्या तीन शाळांच्या नावाने ७,६०० हून अधिक खोट्या नर्सिंग पदव्या आणि गुणपत्रिका विकल्या गेल्या होत्या. पंचवीस जणांवर खटले भरले. ती कम्युनिटी कॉलेजे नव्हती, खासगी शाळा होत्या, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्याला ढोंगाची ओळख नवी नाही. पंढरीची वाट न चालता कपाळाला बुक्का लावून पुढे बसणारे तुकोबांच्या काळीही होते. पण ह्या गोष्टीतला काटा वेगळाच आहे. त्या विकत घेतलेल्या कागदांवर परवान्याच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण ती परीक्षा पास झाले! मग काय, परीक्षा खोटी? नाही. परीक्षा डोक्याला विचारते, आणि डोके पाठ करू शकते. हातांना विचारणारे कोण? ती मास्तरीण, जी हात धुताना समोर कागद घेऊन उभी होती. ते रोगी, ज्यांच्याजवळ शेकडो तास काढले. वारी पायांनीच होते. नकाशा पाठ करून पंढरी पाहिली म्हणता येत नाही.

परवान्याची ती परीक्षाही चमत्कारिक आहे. तिला एनक्लेक्स म्हणतात. १९९४ पासून ती संगणकावर होते. एका प्रश्नाला नीट उत्तर दिले की पुढचा अधिक कठीण येतो, चुकले की सोपा. सध्या कमीत कमी ८५ प्रश्न आणि जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. यंत्राची खात्री पटली की ते मधेच बंद पडते, आणि बिचारीला कळत नाही की पास झाले की नापास. पास झाली की त्या राज्याचे नर्सिंग बोर्ड तिचे नाव नोंदवहीत घालते, म्हणून ती रजिस्टर्ड नर्स. ही नोंदणीची पद्धत तिकडे १९०३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यापासून सुरू झाली. तिचा अर्थ एवढाच की, कोणत्याही अनोळखी माणसाने बेशुद्धीत आपला देह हिच्या हाती द्यायला हरकत नाही.

"पगार घेते, मग सेवा कसली?" असेही विचारतात. सेना महाराज हजामत फुकट करत नव्हते, गोरोबाकाकांची मडकी विकतच जात. कष्टाचे दाम घेतल्याने भाव जात असता तर आपल्या संप्रदायात अर्धे संत उरले नसते. २०२० साली करोनाच्या साथीत घरच्यांना आत सोडत नव्हते, तेव्हा मरणाऱ्याच्या कानाशी फोन धरून लेकराचा आवाज ऐकवणाऱ्या नर्सा पगारीच होत्या. त्या साथीतच विद्यार्थ्यांना रुग्णालयात जाणे बंद झाले आणि कित्येक महिने पुतळ्यांवर आणि संगणकावर शिकावे लागले. शिकवणाऱ्यांना तेव्हा जाणवले की, पुतळा कण्हत नाही आणि लाजतही नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला तिकडे शिकता येते, पण नोकरीची परवानगी ही निराळी बाब आहे; तिची चौकशी पहिल्याच दिवशी करावी, चार वर्षांनंतर नव्हे. कॉलेजाला त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे; लवकर आणि सोपे असे जो म्हणेल त्याच्यापासून दूर राहावे. शिवाय दोन वर्षांच्या पदवीवर परवाना मिळत असला तरी काही रुग्णालये चार वर्षांची पदवी मागतात, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ साली कायदाच केला की, नव्या नर्सांनी दहा वर्षांच्या आत ती पदवी पुरी करावी. नोकरी करत करत ती घेता येते.

आणि सासूबाई, मामंजी, तुम्ही सहा महिने तिकडे जाणारच असाल, तर नातवंडांना हरिपाठ जरूर शिकवा. पण सूनबाईची परीक्षा ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात घरात सत्यनारायण घालू नका. तिची पाळी सातला सुरू होते, म्हणजे ती पावणेसहाला, बर्फात आणि अंधारात, घराबाहेर पडते. लेकराला उठवून, दूध देऊन, शाळेच्या बसपर्यंत हात धरून नेणारे कोणीतरी घरात हवे.